राज्याचा रिफंड आणि गेल्या वर्षीचं रिटर्न

अगं, टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या कोपऱ्यात तो रिफंडचा आकडा सारखा हलत असतो ना, रिटर्न पुरतं भरून होईपर्यंत त्याच्याकडे बघूच नकोस. तुझा डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीचा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, भरला की तो फुगतो, नवऱ्याचा भरला की खाली येतो, आणि आपण उगाच खूश नाहीतर हवालदिल होतो. डब्ल्यू-टू जानेवारीअखेर हातात येतो, त्यामुळे इथे अमेरिकेतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातही हा विषय निघतोच. कुणाला राज्याकडून हजार आले, कुणाला उलटे भरावे लागले. त्या गप्पा ऐकून तू बेचैन झालीस, हे तुझ्या आवाजावरून कळलं मला. म्हणून नीट सांगते.

गोंधळ होतो, कारण आपल्याला याची सवयच नाही. भारतात पगारावरचा प्राप्तिकर एकच, केंद्राचा. राज्य घेतं तो व्यवसाय कर, महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये, आणि त्याचा रिफंड वगैरे कुणाच्या डोक्यातही येत नाही. इथे न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया यांचे आपापले प्राप्तिकर, आपापली रिटर्न आणि आपापले रिफंड. टेक्सास किंवा फ्लोरिडात मात्र पगारावर राज्याचा करच नाही. तेव्हा ऑस्टिनच्या मैत्रिणीचं ऐकून जर्सी सिटीत बसून काही ठरवू नकोस.

रिफंड म्हणजे तुझाच पैसा. डब्ल्यू-टूच्या तळाशी १५, १६ आणि १७ क्रमांकाच्या चौकटी असतात: राज्य कुठलं, त्या राज्यातला पगार किती, आणि त्या राज्यासाठी कापला किती. खरा कर १७व्या चौकटीतल्या रकमेपेक्षा कमी निघाला तर फरक परत मिळतो. सॉफ्टवेअर डब्ल्यू-टूचा फोटो घेऊन आकडे आपणच भरून टाकतं, पण या तीन चौकटी तू डोळ्यांनी ताडून बघ. तिथे बऱ्याचदा दोन राज्यांच्या दोन ओळी असतात, आणि दुसरी ओळ सुटली तर त्या राज्याकडे गेलेले पैसे रिटर्नमध्ये येतच नाहीत.

आता तुमची गोष्ट. राहता जर्सी सिटीत, नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. म्हणजे न्यू यॉर्कचं अनिवासी रिटर्न आणि न्यू जर्सीचं निवासी रिटर्न, दोन्ही आलीच. सॉफ्टवेअरमध्ये न्यू यॉर्क आधी पूर्ण कर, न्यू जर्सी त्यानंतर. न्यू यॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट न्यू जर्सी देतं, आणि न्यू यॉर्कचा आकडा पक्का झाल्याशिवाय ते क्रेडिट बरोबर निघत नाही. ते क्रेडिट आलंय का, हे न्यू जर्सीचं रिटर्न पाठवण्याआधी स्वतः उघडून बघ.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण इथे बरीच चांगली माणसं फसतात. नवरा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो, म्हणून सॉफ्टवेअर ‘न्यू यॉर्कबाहेर किती दिवस काम केलं’ असं विचारेल तेव्हा ते सगळे दिवस टाकायचा मोह होईल. टाकले की न्यू यॉर्कचा रिफंड लगेच वाढलेला दिसतो. पण न्यू यॉर्कचा नियम असा, की ऑफिस तिथलं असेल आणि घरून काम करणं ही कर्मचाऱ्याची सोय असेल, तर ते दिवस न्यू यॉर्कचेच धरायचे. सॉफ्टवेअर तुला अडवणार नाही. राज्य मात्र नंतर पत्र पाठवून हिशेब मागेल. तसा रिफंड घेऊ नका.

पेनसिल्व्हेनियाचं बरोबर उलटं. त्या राज्याचा न्यू जर्सीशी करार आहे; राहता तिथेच पगारावरचा कर द्यायचा. तुझ्या जाऊबाईंसारखं कुणी न्यू जर्सीत राहून फिलाडेल्फियाला जात असेल आणि कंपनीने चुकून पेनसिल्व्हेनिया राज्याचा कर कापला असेल, तर त्या राज्यात रिटर्न भरून तो सगळा परत मागता येतो. वर्षाच्या मध्ये राज्य बदललं असेल तर दोन्हीकडे अंशकालीन निवासी म्हणून भरायचं, आणि स्थलांतराची तारीख सॉफ्टवेअरला खरी सांगायची.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. राज्याकडून गेल्या वर्षी रिफंड आला, त्याचा १०९९-जी नावाचा कागद निघतो. पुष्कळ राज्यं तो पोस्टाने पाठवत नाहीत, त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो. त्याच्या दुसऱ्या चौकटीत रिफंडची रक्कम असते. रिफंड हातात न घेता पुढच्या वर्षीच्या करात वळवला असेल, तरी तो मिळालाच असं धरतात. सॉफ्टवेअर ही रक्कम विचारतं, आपण भरतो, आणि केंद्राचा रिफंड कमी झालेला दिसला की छातीत धस्स होतं.

थांब, घाबरू नकोस. हा रिफंड दर वेळी करपात्र नसतो. गेल्या वर्षी केंद्राच्या रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल, तर तो अजिबात करपात्र नाही. राज्याच्या कराची वजावट घेतलीच नव्हती, मग ती परत कसली करायची? वजावटी एकेक मोजून घेतल्या असतील, म्हणजे आयटेमाइझ केलं असेल, आणि त्यात राज्याचा प्राप्तिकर धरला असेल, तरच प्रश्न येतो. तेव्हाही फक्त तेवढीच रक्कम करपात्र, जेवढीचा तुला खरोखर फायदा झाला होता.

समजा एका जोडप्याने २०२४ साली घराच्या कर्जाचं व्याज २४,००० डॉलर भरलं, राज्याचा प्राप्तिकर ९,००० आणि घरपट्टी ६,०००. राज्याचे दोन्ही कर मिळून १५,०००, पण तेव्हा मर्यादा होती १०,०००ची. एकूण वजावट ३४,०००. पुढे २०२५मध्ये राज्याने १,२०० परत दिले. ते वजा केले तरी राज्याचे कर १३,८०० उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. वजावट तेवढीच राहिली असती. म्हणून त्या १,२००वर एक पैसाही कर नाही.

आता तेच जोडपं, तेच आकडे, फक्त साल २०२५. मर्यादा ४०,००० झाली (उत्पन्न पाच लाख डॉलरच्या आत असेल तर). आता पूर्ण १५,००० धरता येतात, वजावट ३९,०००, आणि जोडप्याचं त्या वर्षीचं स्टँडर्ड डिडक्शन होतं ३१,५००. राज्याने २०२६मध्ये १,२०० परत दिले, तर ते सगळे करपात्र. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर २६४ डॉलर. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात घरं घेतलेल्या आपल्या कितीतरी लोकांना ही गोष्ट आता पहिल्यांदाच लागू होणार आहे. वर्षानुवर्षं ‘आमचा रिफंड करपात्र नसतो’ म्हणणाऱ्यांनी २०२६मधला रिफंड दाखवताना पुन्हा तपासायला हवं. रिफंडवर राज्याने व्याज दिलं असेल तर ते मात्र कायम करपात्र, आपल्या भारतातल्या रिफंडवरच्या व्याजासारखंच.

सॉफ्टवेअर हे सगळं गणित बरोबर करतं, पण त्याला गेल्या वर्षीचं रिटर्न ठाऊक असेल तरच. स्वस्त मिळालं म्हणून या वर्षी दुसरं सॉफ्टवेअर घेतलंस, तर गेल्या वर्षी आयटेमाइझ केलं होतं का, किती, राज्याचा कर किती धरला, हे सगळं तुलाच भरावं लागेल. ते प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेस तर सगळा रिफंड उत्पन्नात धरला जाऊ शकतो, आणि तू देणं नसलेला कर भरून मोकळी होशील.

तुझ्या धाकट्या भावाचं वेगळं, त्याला हे जरूर कळव. तो विद्यार्थी, एफ-वन व्हिसावर. त्याचं रिटर्न १०४०-एनआर, आणि टर्बोटॅक्स ते भरत नाही. स्प्रिंटॅक्ससारखं सॉफ्टवेअर लागतं. अनिवासींना एरवी स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं. ते घेतलं असेल तर त्याचा राज्याचा रिफंड करपात्र नाही. मात्र जे थेट एच-वनबीवर येतात आणि पहिल्या वर्षी १०४०-एनआर भरतात, त्यांना ही सवलत नाही. ते राज्याच्या कराची वजावट घेतात, आणि पुढच्या वर्षी साध्या सॉफ्टवेअरवर आले की तोच रिफंड दाखवायला विसरतात.

फीचंही बघ. केंद्राचं फुकट म्हणून सुरू केलेलं सॉफ्टवेअर राज्याच्या रिटर्नला पैसे घेऊ शकतं, आणि ते रिफंडमधून वळते करून घ्या म्हटलं तर वर आणखी शुल्क लागतं. कॅलिफोर्नियाचं कॅलफाइल, पेनसिल्व्हेनियाचं मायपाथ या राज्यांच्या स्वतःच्या सोयी फुकट आहेत. तुमचं दोन राज्यांचं असल्याने तुम्ही सॉफ्टवेअरच वापरा, पण पैसे कार्डाने भरा.

आणि आज एवढं कर: गेल्या वर्षीच्या केंद्राच्या आणि दोन्ही राज्यांच्या रिटर्नच्या पीडीएफ सॉफ्टवेअरच्या खात्यातून उतरवून स्वतःकडे ठेव. केंद्राच्या रिटर्नला शेड्यूल ए, म्हणजे आयटेमाइझ केलेल्या वजावटींचा तक्ता, जोडलेला आहे का ते बघ, आणि मग मला फोन कर.