तांबडा डबा, निळा डबा

दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात तीस वर्षे कारकुनी केल्याचा परिणाम असेल, परंतु प्रार्थना म्हणजे वरिष्ठांकडे गुदरलेला एक अर्ज असून तो मुदतीत, योग्य नमुन्यात आणि विश्वासाचा पुरेसा मुद्रांक चिकटवून दाखल झाला की त्यावर अनुकूल हुकूम व्हायलाच हवा, अशी माझी समजूत चाळिशी उलटेपर्यंत कायम होती. त्या समजुतीपायी मी माझा एक कान गमावला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांचा नाद ज्या अहमदनगरातील मंडळींच्या कानी अद्याप आहे, तेथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबात मी वाढलो. २००३ च्या पावसाळ्यात खोकला जडला, संध्याकाळी अंग कसकसू लागले, आणि थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला. सरकारी योजनेत त्या काळी प्रत्येक रोग्याच्या संपूर्ण मुदतीचे औषध एका डब्यात भरून वर त्याचे नाव लिहीत. नव्या रोग्याचा डबा तांबडा असे. आठवड्यातून तीन दिवस, पहिले दोन महिने तर दर वेळी आरोग्य कर्मचाऱ्यासमक्ष, गोळ्या गिळायच्या, असे सहा महिने. त्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. हे मला आगाऊ सांगितलेले असूनही प्रत्येक वेळी मनात चर्र होई.

दोन महिन्यांत ताप गेला, खोकला थांबला, वजन चार किलोंनी वाढले. नेमकी त्याच सुमारास बाहेरगावच्या एका प्रचारकांची आरोग्यसभा भरली. त्यांनी मस्तकावर हात ठेवला, आणि भरल्या मंडपात मी उभा राहून आपण बरे झाल्याची साक्ष दिली. औषध सोडा, असे त्यांनी कधीही म्हटले नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु ज्याने शेकडो लोकांसमोर देवाने आपल्याला बरे केल्याचे सांगितले, त्याने दुसऱ्याच सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून सात गोळ्या गिळाव्यात, याची मलाच लाज वाटली. मी जायचे सोडले. दोन दिवसांत लघवीचा रंग निवळला, आणि ज्या गोष्टीचे कारण गोळी बंद होणे एवढेच होते, तिला मी ईश्वरी खूण मानून बसलो! कर्मचारी घरी आला तेव्हा त्याला चहा पाजून मी वाटेस लावले. जाताना तो एवढेच म्हणाला, “साहेब, डब्यावर तुमचं नाव आहे. मी ठेवून देतो.”

क्षयाचे बहुतेक जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात आणि रोग्याला बरे वाटू लागते, पण काही मोजके जंतू निपचित पडून राहतात. उरलेले चार महिने असतात ते त्यांच्यासाठी. सात महिन्यांनी एका पहाटे रुमालावर रक्त दिसले. या वेळचा डबा निळा होता, मुदत आठ महिन्यांची, आणि पहिले दोन महिने गोळ्यांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनच्या चोवीस सुया. त्या औषधाने कानाच्या नसेला इजा पोहोचू शकते, हे मला ठाऊक होते. तरी डाव्या कानात रातकिड्यासारखा आवाज सुरू झाला तेव्हा इलाज बंद पडेल या भयाने मी तो आठवडाभर डॉक्टरांपासून लपवला. एकदा औषध सोडून केलेला अपराध जणू मुकाट्याने सोसून फेडायचा होता.

मंडळीतले काही सज्जन भेटीस येत आणि विश्वास कुठे तरी कमी पडला असावा, असे अत्यंत प्रेमाने सुचवून जात. आजाऱ्याच्या उशाशी बसून याहून क्रूर वाक्य उच्चारता येत असेल, असे मला वाटत नाही. त्यानंतर आमचे एक वयोवृद्ध निवृत्त पाळक आले. दार-खिडक्या सताड उघड्या आहेत ना याची त्यांनी खातरजमा केली, खुर्ची खिडकीपाशी ओढली, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले, आणि पुस्तक मिटून अर्धा तास काही न बोलता बसून राहिले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते. कारकुनाच्या डोळ्यांना त्यात जे दिसले ते असे की, ज्या कैफियतीखाली कोणताही निकाल लिहिलेला नाही, तीसुद्धा फेटाळली न जाता पवित्र शास्त्राच्या दप्तरात सामील करून घेतलेली आहे. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली. रोग होता तेथेच होता.

मग मी शास्त्र नव्याने चाळले. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि काटा गेला नाही. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी ठेवूनच पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याच्या पोटदुखीवर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला; या दोघांच्या विश्वासाची चौकशी त्याने आरंभल्याचे दिसत नाही. हिज्किया राजाला पंधरा वर्षांचे आयुष्य बहाल झाल्यावरही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितलेच. साक्ष दिल्यावर गोळी घेण्याची मला जी लाज वाटली, ती त्या संदेष्ट्याला वाटली नव्हती.

बहिरेपणाच्या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचा मोठा आधार वाटला. वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग त्यांना बंद झाला. पुढे केडगावी मुक्तिसदनाचा संसार सांभाळून त्यांनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवले. १९२१ त एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ त त्या स्वतः गेल्या. कान परत मिळाले नाहीत म्हणून त्यांची प्रार्थना थांबल्याचे कुठे वाचनात नाही.

तेव्हा माझ्यासारख्यांना सांगणे असे की, प्रार्थना जरूर मागा, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेलाचा अभ्यंगही करून घ्या, परंतु बरे वाटणे आणि बरे होणे यांतील फरक मंडपात ठरत नाही, थुंकीच्या तपासणीत ठरतो. साक्ष द्यायचीच तर औषधाची मुदत संपल्यावर द्या. देवाला घाई नसते. गोळी चुकली, डोळे पिवळे दिसले, कानात आवाज आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. थुंकीत जंतू आहेत तोवर बंद खोलीतल्या सभेत बसू नका, तोंडाशी रुमाल धरा, आणि प्रभुभोजन पाळकांकडून घरी मागवा. हा रोग खोकल्यातून हवेत जातो, पेल्याला दोष देण्याचे कारण नाही.

सध्या आमच्या मंडळीतला एक तरुण याच आजाराच्या चौथ्या महिन्यात आहे. आता औषध रोजचे झाले आहे. थुंकी निर्मळ आल्यापासून तो रविवारी उपासनेला येतो, आणि उपासना सुटली की आम्ही दोघे बाहेरच्या लिंबाखाली बसतो. आधी तो गोळ्या घेतो, मग आम्ही प्रार्थना करतो. तो माझ्या उजव्या बाजूला बसतो आणि आमेन जरा मोठ्याने म्हणतो, नाहीतर प्रार्थना संपली हे मला कळत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.