वेतन, तृप्ती आणि याकोबाचा हिशेब

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३०:२५-३६, ३१:३८-४२, लूक ३:१०-१४

गेल्या पावसाळ्यात भिलाईच्या स्मृति नगरात एका जुन्या स्नेह्यांच्या घरी चार दिवस मुक्कामाचा योग आला. दुर्ग-भिलाईकडे मराठी कुटुंबे नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून तो संबंध आहे, आणि पुढे पोलाद कारखान्यामुळे त्यात भर पडली. स्नेह्यांचे चिरंजीव सव्वीस वर्षांचे आहेत. रोज सायंकाळी साडेसहाला ते मागच्या खोलीचे दार लावून घेत. त्या वेळी न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. परदेशातील कचेऱ्यांतून कोणाचा पासवर्ड हरवला, कोणाचे यंत्र अडले, कोणाचा प्रिंटर रुसला, तर त्या तक्रारी हेल्पडेस्कवर येतात. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, त्याला ते ‘तिकीट’ म्हणतात, आणि तिकीट किती मिनिटांत मिटले याची नोंद राहते. हे काम पहाटे अडीच-तीनपर्यंत चाले.

या मुलाचा पगार तीन वर्षांपासून अठरा हजारांवर थांबलेला होता. जेवताना विषय निघाला, तेव्हा वडील म्हणाले, “आहे त्यात समाधान मानावे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना हेच सांगितले ना?” मुलगा काही बोलला नाही. नंतर अंगणात मला एकटे गाठून त्याने विचारले, “काका, तुम्ही शास्त्राचे भाषांतर करता. तिथे खरंच तसं लिहिलं आहे का?”

मी म्हणालो, “लिहिले आहे.” आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी वचन पाहू.

लूक ३:१४ मध्ये ‘वेतन’ किंवा ‘पगार’ असा जो शब्द आपण वाचतो, त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘ऑप्सोनिऑन’ हा शब्द आहे. भाकरीबरोबर जे खायचे ते ‘ऑप्सॉन’, म्हणजे आपल्या मराठीत चक्क तोंडीलावणे; आणि ते विकत घेण्यासाठी शिपायाला मिळणारा भत्ता तो ‘ऑप्सोनिऑन’. नव्या करारात हा शब्द चारच ठिकाणी येतो : येथे, रोमकरांस ६:२३ मध्ये, १ करिंथ ९:७ मध्ये आणि २ करिंथ ११:८ मध्ये.

आता योहान कोणाशी बोलत आहे ते पाहावे. त्याच्यासमोर ज्यांच्या हाती शस्त्र आहे असे लोक उभे आहेत. लोकांना धमकावून पैसे उकळू नका, खोटे आरोप करून लुबाडू नका, असे दोन निषेध आधी येतात, आणि त्यांना जोडूनच तृप्तीचे वाक्य येते. अर्थात, आपला भत्ता अपुरा वाटतो म्हणून दुबळ्यांच्या खिशात हात घालू नका, असा त्या तिन्ही आज्ञांचा एकत्रित रोख आहे. जकातदारांनाही तो आधीच्याच वचनात असेच काही सांगतो. धन्याकडे उघडपणे वाढ मागणारा मजूर तेथे उपस्थितच नाही. त्याच्याविषयी योहान एक शब्दही बोलत नाही.

वाढ मागणे त्या काळी अज्ञात होते असेही नाही. इ. स. १४ मध्ये तिबिर्य कैसर गादीवर येताच पॅनोनियातील रोमी पलटणींनी बंड केले. रोज दहा आस मिळतात, त्यातूनच कपडे, शस्त्रे आणि तंबू यांचा खर्च भागवावा लागतो, म्हणून दिवसाला एक दिनार द्या, अशी त्यांची मागणी असल्याचे टॅसिटस या इतिहासकाराने नोंदले आहे. योहानासमोरचे शिपाई बहुधा हेरोद अंतिपाचे होते, रोमी पलटणींतील नव्हेत. पण त्या काळी शिपायाचा पगार किती तुटपुंजा होता हे यावरून समजते.

आता झोप न येण्याचे कारण. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भाषांतराच्या कामात अक्षरजुळणी करणारा एक तरुण होता. इब्री आणि ग्रीक अक्षरे तो डोळ्यांत तेल घालून जुळवी. एके दिवशी त्याने पगारवाढ मागितली. निर्णय माझ्या एकट्याच्या हाती नव्हता. परंतु वरिष्ठांकडे शब्द टाकणे माझ्या हाती होते. तो शब्द टाकण्याचा संकोच वाटला, म्हणून मी त्याच्यापुढे लूक ३:१४ ठेवले. ज्या वचनातील प्रत्येक प्रत्यय मला ठाऊक होता, ते वचन मी त्याच्या उलट्या बाजूने वापरले. शिपायाच्या जागी मी होतो. तीन-चार महिन्यांनी तो काम सोडून गेला, आणि त्याच्या वहीतील माझ्याच दुरुस्त्या मला पुढे कित्येक दिवस वाचता आल्या नाहीत.

तेव्हा पगाराच्या मागणीसाठी पाठ शोधायचा तर तो लाबानाच्या घरी शोधावा. चौदा वर्षांची चाकरी पुरी झाली, योसेफ जन्मला, आणि याकोब सासऱ्यापुढे उभा राहिला. तुझे वेतन तूच ठरव, असे लाबान म्हणतो. येथील इब्री क्रियापदाचा मूळ अर्थ भोक पाडणे, खूण करणे असा आहे. म्हणजे मोघम बोलू नकोस, नेमके सांग. याकोबाचे उत्तर (३०:२९-३०) सावकाश वाचावे. मी चाकरी कशी केली हे तुम्ही जाणता. मी येण्यापूर्वी तुमचे थोडके होते, ते आज पुष्कळ झाले आहे. आता माझ्या स्वतःच्या घरासाठी मी केव्हा काही करावे? आधी काम, मग त्या कामाने धन्याचा झालेला लाभ, आणि शेवटी आपले घर, असा हा क्रम आहे.

पगाराची बोलणी करताना घरची अडचण काढू नये, असा सल्ला हल्ली दिला जातो. त्यात व्यवहार आहे; केवळ अडचण सांगून वाढ मिळत नाही. पण घर ही लपवण्याची गोष्ट नाही. अनुवाद २४:१५ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगताना, त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो, असे कारण दिले आहे. मजुराचे पोट नियमशास्त्रानेच हिशेबात धरले आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. अध्याय ३१ मध्ये याकोब वीस वर्षांचा हिशेब मांडतो : मेंढ्यांचे गर्भ गळले नाहीत, श्वापदाने फाडलेले आपल्या अंगावर घेतले, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने झिजलो, डोळ्याला डोळा लागला नाही. रात्रपाळी करणाऱ्यास याचे स्पष्टीकरण नको. आणि आपले वेतन दहा वेळा बदलले गेले, हेही तो सांगतो. मात्र एक सावधानता : लाबानाने तोंडी मान्य केले आणि त्याच दिवशी ठिपकेदार बकरे वेगळे काढून मुलांच्या हवाली केले (३०:३५). जे ठरेल ते लेखी घ्यावे, हे मला या वचनातून दिसते. पुढच्या सोललेल्या काठ्यांची युक्ती मात्र कोणी उचलू नये. आपल्या वाढीचे श्रेय याकोब स्वतःही पुढे काठ्यांना देत नाही (३१:९).

मजुरी मागणाऱ्यांवर काय ओढवू शकते याची आठवण भिलाईला आहे. कंत्राटी कामगारांसाठी जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी मागणारे शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे याच शहरात, घरात झोपलेले असताना गोळी घालून मारले गेले. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १६ कामगार मरण पावले. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो, असे याकोबाच्या पत्रात आहे (५:४). स्मृति नगरातून त्या स्थानकाकडे जाताना हे वचन मला केवळ भाषांतराचा विषय वाटेना.

हेल्पडेस्कवरील मुलाला ना कारखान्याचे दार, ना शेजारी बसणारा सोबती. शिवाय त्याचे काम एका कंपनीचे, परंतु पगार देणारी मधली संस्था निराळी. म्हणून वेतन ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे त्याने पहिल्यांदा शोधावे असे मी सुचवले. मग आम्ही दोघांनी वही घेतली. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर तीन वर्षांपूर्वीच्या अठरा हजारांची किंमत आज साडेपंधरा हजारांच्या आसपास उरते. म्हणजे पगार थांबलेला नव्हता, घटत होता. त्याने वर्षभरात मिटवलेली तिकिटे, नव्याने आलेल्या दोघांना शिकवलेले काम आणि बदली म्हणून केलेल्या सुट्टीच्या रात्री यांची यादी काढली. एक ठिकाणी त्याने आकडा वाढवून लिहिला होता. तो मी खोडायला लावला. याकोबाने आपला खरेपणाच साक्षीला ठेवला होता (३०:३३). शेवटी किती हवे तो आकडा लिहिताना त्याचा हात अडला. “तूच लिही,” मी म्हणालो. त्याने तेवीस हजार लिहिले.

वडिलांना मी लूक ३:१४ पुन्हा वाचून दाखवले, आणि अक्षरजुळणी करणाऱ्याची हकीकतही सांगितली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मुलाला म्हणाले, “अर्ज एकदा मलाही दाखव रे, शुद्धलेखन पाहतो.”

अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. मी निघेपर्यंत उत्तर आले नव्हते. सायंकाळी साडेसहाला मागच्या खोलीचे दार नेहमीप्रमाणे बंद झाले.