नवेगावबांधच्या पाण्याला कोणती कयाक?

प्रश्न : नवेगावबांध आणि इटियाडोहला पक्षी बघायला, कधीमधी गळ टाकायला स्वतःची कयाक घ्यावी म्हणतो. सोबत दहा वर्षांची मुलगी असेल. दुकानदार १४ फुटी, निमुळती, आत बसायची कयाक गळ्यात मारतोय. घ्यावी का?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : नका घेऊ. कयाकमध्ये खोट नाही, पण ती तुमच्या पाण्याची नाही. आत बसायची कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी शिकारीसाठी घडवली. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणायचं आणि कमरेखालचं अंग आत झाकून घ्यायचं, कारण तिथलं पाणी बघता बघता माणसाला गारठवतं. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे जातो. त्यात पाय कोंडून बसायची हौस कशाला? शिवाय ती उलटली की आत पाणी भरतं आणि ते उपसेपर्यंत जागचं हलता येत नाही. लेकरू सोबत असताना हा खेळ नको.

वर बसायची, म्हणजे ‘सिट-ऑन-टॉप’ बघा. पोकळी बंद असल्याने ती उलटली तरी तरंगते, बाजूने पोटावर सरकत परत चढता येतं. बैठकीतल्या भोकांमधून पाणी आपसूक निघून जातं. बूड ओलं होतं, तेवढं सोसा. दोघांसाठी साधारण १२ फूट लांब आणि ३२ ते ३४ इंच रुंद पुरे. निमुळती कयाक सरळ आणि वेगात जाते हे खरं. पण शिंगाड्याच्या वेलांतून वाट काढताना वेग हवाय कुणाला? तिथे चटकन वळायला हवं, आणि दुर्बीण डोळ्यांना लावली की डुगडुगायला नको. वजनाची जी मर्यादा लिहिलेली असेल, तिच्या पाऊणपटीवर थांबा. डबा, पाणी, कॅमेरा हेही वजनच.

फुगवायच्या कयाकचा मोह होईल. डिकीत मावते, उचलायला हलकी. पण बुडीत क्षेत्रात जुन्या झाडांचे खुंट असतात आणि पाणी उतरलं की ते वरून दिसणार नाहीत इतपतच खाली राहतात. मी तरी कठीण प्लास्टिकचीच घेईन. ती मात्र ३० किलोच्या आसपास किंवा वरच जाते, आणि दुसरं टोक दहा वर्षांच्या पोरीला उचलवणार नाही. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की धरणाचा काठ मागे सरकतो. गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत नुसता चिखल. म्हणून रुंद चाकांची ढकलगाडी कयाकसोबतच घ्या. बारीक चाकं रुततात.

गळाचं म्हणाल, तर आपल्याकडचे बरेच मामा (माजी मालगुजारी) तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. ढीवर बांधवांना आधी विचारा. जाळी कुठे लावलीत आणि खुंट कुठे आहेत, हे डोंगा चालवणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा जंगलाला लागून आहेत, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय कयाक पाण्यात लोटू नका. हिवाळ्यात बदकांच्या थव्यावर सरळ चाल करून गेलात तर सगळा थवा उठेल. तिरपे जा, मध्येच वल्हं थांबवा. पावसाळ्यात सारस घरट्यावर असतात, तेव्हा त्या काठाला फिरकूच नका.

आता दुकानदाराला एवढंच सांगा, की पैसे देण्याआधी कंबरभर पाण्यात बसून बघायचंय. लाइफ जॅकेट घालून मुलीला पुढे बसवा, दोघं मुद्दाम एका अंगाला झुका. तो नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.