आमच्या नाखव्याचें चित्र

कांहीं धडे पुस्तकांत असतात व कांहीं पुस्तकाबाहेर अकस्मात् मिळतात. गेल्या वर्षीं आम्हां तिघां वर्गमित्रांस असा एक धडा मिळाला. व्हिडिओ गेममधील आपल्या पात्राचें चित्र चित्रकाराकडून काढवून घेण्याचा उद्योग आम्हीं केला. त्यांत आमची चूक झाली, आणि ती एका मित्राच्या आईनें आमच्या पदरांत घातली. अशीं चित्रें काढवून घेण्याची हौस हल्लीं पुष्कळ मुलांस असते. म्हणून तो अनुभव व त्यापासून मिळालेला बोध येथें मांडीत आहों.

पडद्यावर जें पात्र रोज दिसतें त्याचें आणखी चित्र कशाला, असें वडील माणसें विचारतात. याचें उत्तर खेळांतील आकृतींच्या घडणींत आहे. १९८१ सालीं जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें 'डाँकी काँग' हा खेळ काढला. त्यांतील नायक पुढें मारिओ या नांवानें जगप्रसिद्ध झाला. त्याचे जनक शिगेरु मियामोतो यांच्या हातीं त्या वेळीं अगदीं थोडे ठिपके होते. तेवढ्यांत तोंड नीट दाखवितां येईना, म्हणून मिशा आल्या. केस दाखविणें अवघड, म्हणून टोपी आली. आम्ही खेळतों तो 'माइनक्राफ्ट' हा खेळ स्वीडनमध्यें तयार झाला व २०११ सालीं पूर्ण स्वरूपांत बाहेर पडला. त्यांत आपल्या पात्राचें रूप खेळणारास स्वतः रंगवितां येतें. परंतु त्या पात्राचा चेहरा म्हणजे आठ ओळी व प्रत्येक ओळींत आठ, अशा अवघ्या ६४ चौकटी! बाकीचें सर्व रूप खेळणाराच्या मनांतच राहतें.

आम्ही समुद्रकांठचीं मुलें. म्हणून आमचें पात्रही नाखवाच होतें. वरच्या दोन ओळी तांबड्या केल्या, ती त्याची टोपी; खालच्या चार चौकटी पांढऱ्या केल्या, त्या मिशा. हा नाखवा आम्हीं चौघांनीं मिळून केला होता. दोन वर्षें त्याच्यासाठीं खेळांत बंदर बांधलें, दीपगृह उभारलें. पुढें चौथ्या मित्राच्या वडिलांची बदली झाली व तो शाळा सोडून जाणार असें कळलें. निरोपाच्या दिवशीं त्यास नाखव्याचें खरेंखुरें चित्र द्यावें, असें आम्हां तिघांच्या मनांत आलें. खाऊचे पैसे सांठवून, घरीं विचारून, आम्हीं दूरच्या एका प्रांतांतील चित्रकारास काम सांगितलें. ठरलेल्या मोबदल्यापैकीं अर्धी रक्कम विसार म्हणून पाठविली.

पत्रांत आम्हीं एवढेंच लिहिलें होतें कीं, "तांबडी टोपी व पांढऱ्या मिशा असलेला एक शूर दर्यावर्दी काढावा." चित्रकारानें प्रथम पेन्सिलीचें कच्चें रेखाटन पाठविलें व तें तपासून पाहण्यास सांगितलें. परीक्षेच्या गडबडींत आम्हीं तें नीट न पाहतांच "छान आहे" असें कळविलें. पंधरा दिवसांनीं रंगीत चित्र आलें. पाहतों तों गुडघ्यापर्यंत चामड्याचे बूट, पितळी गुंड्यांचा लांब कोट, आणि पाठीमागें मोठें विलायती गलबत! चित्र सुरेख होतें, पण तो आमचा नाखवा नव्हता. आम्ही संतापलों, व राहिलेले पैसे द्यावयाचे नाहींत असें ठरविलें.

आमच्यांतील एका मित्राची आई घरीं शिवणकाम करिते. तिनें तें बोलणें ऐकलें व यंत्र थांबवून ती म्हणाली, "बाळांनो, माझ्याकडे एखादी बाई आली, कापड टाकून 'चांगलंसं पोलकं शिवा' एवढंच सांगून गेली. मापं दिली नाहींत. कच्चे टांके घालून बघायला बोलावलं, तर लांबूनच बरं आहे म्हणाली. मग पोलकं अंगाला बसत नाहीं म्हणून तिनं माझी शिलाई बुडवली, तर तुम्ही तिला काय म्हणाल?"

आम्हांपैकीं कोणासही उत्तर सुचलें नाहीं. त्याच सायंकाळीं आम्हीं बाकीची रक्कम पाठविली, चूक आमची असल्याचें लिहिलें, आणि वेगळा मोबदला घेऊन दुसरें चित्र काढाल काय, असें विचारलें. उत्तरांत रागाचा शब्द नव्हता. उलट प्रश्नच प्रश्न होते. नाखव्याचें वय किती? टोपीचा आकार कसा? अंगांत काय, कमरेस काय, पायांत काय? हातांत वल्हें कीं कंदील? वेळ सकाळची कीं तिन्हीसांजेची? आणि शेवटचा प्रश्न: तो कोणाकडे पाहत आहे?

या प्रश्नांनीं आमचे डोळे उघडले. दोन वर्षें ज्याच्याशीं खेळलों त्याच्याविषयीं आम्हीं इतका विचार कधींच केला नव्हता. आम्ही कोळीवाड्यांत गेलों, वृद्ध नाखव्यांचा पोशाख लक्षपूर्वक पाहिला, आणि मग लिहिलें: वय साठीच्या पुढें, डोक्यास कोळ्यांची तांबडी टोंचदार टोपी, अंगांत बंडी, कमरेस चौकड्यांचा रुमाल, पाय अनवाणी, हातांत पेटता कंदील, वेळ तिन्हीसांजेची, पाहतो तो समुद्राकडे, अजून न परतलेल्या होडीकडे.

ही हकीकत ऐकून चित्रकलेच्या गुरुजींनीं आम्हांस एका जुन्या कराराची गोष्ट सांगितली. इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत निराधार बालकांचा एक आश्रम होता. मागी लोक बाळ येशूस वंदन करितात, या प्रसंगाचें चित्र आश्रमाच्या प्रमुखानें दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराकडून काढवून घेतलें. त्याचा करार २३ ऑक्टोबर १४८५ रोजीं झाला. चित्र कागदावर ठरलेल्या आराखड्याप्रमाणें असावें. निळा रंग उंची, एका औंसास सुमारें ४ फ्लोरिन किंमतीचा असावा. मोबदला ११५ फ्लोरिन, तो दरमहा ३ फ्लोरिन याप्रमाणें मिळावा. काम ३० महिन्यांत पुरें व्हावें, न झाल्यास १५ फ्लोरिन दंड, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. तें चित्र आजही त्याच संस्थेच्या संग्रहालयांत आहे. पांचशें वर्षांपूर्वीं जें ठरवावें लागे तेंच आजही ठरवावें लागतें, हें यावरून ध्यानांत येईल.

म्हणून काम सांगतांना विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी आधीं ठरवाव्या. पात्राचें वय, पोशाख, मुद्रा व आसपासचा देखावा शब्दांनीं लिहावा, व जमल्यास नमुन्याचीं चित्रें जोडावीं. चित्र अर्धें कीं पूर्णाकृति, मोबदला किती, काम केव्हां मिळणार, दुरुस्त्या किती वेळां करून मिळतील, हें लेखी असावें. कच्चें रेखाटन बारकाईनें पाहावें. कारण रेघ पुसणें सोपें, रंगविलेलें चित्र बदलणें कठीण. पालकांची संमति तर हवीच. कारण आपल्याकडे १८ वर्षांखालील मुलानें केलेला करार कायद्यास मान्य नाहीं.

चित्रावर हक्क कोणाचा, हेंही विचारून घ्यावें. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढवून घेणाराकडे जातो. अमेरिकेंत मात्र तो लेखी करारावांचून सहसा चित्रकाराकडेच राहतो. तथापि चित्राखालीं चित्रकाराचें नांव राहावें, हा त्याचा हक्क आपला कायदाही रक्षितो. शिवाय पात्र एखाद्या कंपनीचें असेल, तर त्याचें चित्र विकण्याचा अधिकार केवळ पैसे मोजल्यानें आपणांस मिळत नाहीं.

दुसरें चित्र निरोपाच्या दोन दिवस आधीं आलें. तिन्हीसांजेच्या काळोखांत कंदील उंच धरून नाखवा उभा होता. आमच्या मित्रानें तें बराच वेळ पाहिलें, व "हाच तो" एवढेंच तो म्हणाला. त्याच्या नव्या घरीं तें चित्र अभ्यासाच्या मेजासमोर लावलें आहे. पहिलें चित्र आम्हीं टाकून दिलें नाहीं. तें आमच्यापाशीं आहे. काम सांगणारानें आपलें मन नीट उघडलें नाहीं, तर करणाराच्या कौशल्यास बोल लावण्याचा त्यास अधिकार नाहीं, आणि झालेल्या श्रमांचें मोल तर चुकवूंच नये, याची आठवण तें आम्हांस देत असतें.