कॅमेरा नाही, कार्यशाळेला जाऊ का?

प्रश्न : मी रत्नागिरीत बारावीला आहे. लघुपट कार्यशाळेला जायचंय. पण हाताशी फक्त मोबाइल आहे. उपयोग होईल?

उत्तर : नक्की. फक्त आधी मोबाइलवर थोडा सराव करा. दादासाहेब फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित करून हात बसवला होता. जाण्याआधी मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव टिपा, संबंधितांना विचारूनच. आधी दुरून सगळा घोळका, मग बोली लावणारीचा चेहरा, मग टोपलीवरचे हात. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरा, झूम टाळा. बंदरावरच्या वाऱ्यात आवाज खराब येतो. म्हणून बोलणाऱ्याला आडोशाला उभं करा, मोबाइल जवळ न्या. नाव नोंदवताना मात्र विचारा : प्रत्येकाला चित्रीकरण, संकलन स्वतः करायला मिळेल ना? नुसती व्याख्यानं असतील, तर फी वाचवा.