टाळूवरच्या वळ्या आणि मधली शिवण

प्रश्न : माझी सात वर्षांची नात जिभेने तोंडाचं छप्पर चाचपत विचारते, "आजी, दातांच्या मागे या रेघा कसल्या गं?" मला काही सांगता आलं नाही. शिवाय बाळाची भरतो ती टाळू आणि ही टाळू एकच का?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, दुसरा प्रश्न आधी घेते. नाव एक, जागा दोन. तेल घालून भरतो ती टाळू डोक्यावरची, जिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात तेही तिथलंच. नातीची जीभ फिरते ती तोंडातली टाळू.

आता तुम्हीही जीभ लावून बघा. समोरच्या दोन दातांच्या लगेच मागे एक बारीकसा फुगवटा लागेल आणि त्याच्या मागे आडव्या वळ्या. जिभेने घास वर दाबला की तो निसटू नये, म्हणून त्या खडबडीत. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे जाड गादी असते; टाळूवरच्या वळ्या मात्र चांगल्या ठसठशीत. आपल्या त्यामानाने नावापुरत्या. पण प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे ओळख पटवायला कधीकधी तिचाही आधार घेतात.

वळ्यांच्या मधोमध एक उभी रेघ मागे जाते. ती शिवण आहे, आणि मला सगळ्यात नवल तिचंच वाटतं. गर्भात टाळूच्या दोन फळ्या जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली सरते, फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात, मधे भेटतात आणि पुढून मागे सांधत जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत छप्पर पुरं होतं.

कधी हा सांधा जुळत नाही. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ साधारण 700 जन्मांमागे एक असतं. आपल्याकडे अजूनही त्या आईला विचारतात, "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का?" हे ऐकून जीव तुटतो. ग्रहणाचा आणि या शिवणीचा काडीचाही संबंध नाही. कारणं आनुवंशिक असतात; काही औषधं, गरोदरपणातलं धूम्रपान हीही कारणं असू शकतात. पुष्कळदा एकच असं कारण सापडतच नाही. त्या बाईला बोल लावू नका.

टाळूचा पुढचा सुमारे दोन तृतीयांश भाग हाडाचा. त्यावरचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं, म्हणून गरम बटाटेवड्याने तिथलीच सालटी निघतात. मागचा भाग मऊ, स्नायूंचा, आणि त्याच्या टोकाला पडजीभ. नातीला आरशासमोर "आ" करायला सांगा, हा पडदा वर उचललेला दिसेल. गिळताना तो नाकाची वाट बंद करतो. त्यातलाच एक स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतो, म्हणून खंबाटकी घाट उतरताना दडे बसले की आवंढा गिळल्यावर कान मोकळे होतात.

बोलण्यातही या पडद्याचं काम मोठं. नाक चिमटीत धरून "पापा" म्हटलं तर नीट येतं, "मामा" अडतं; कारण "म"ला पडदा खाली येऊन हवा नाकातून जाते. पुढची टाळूही भाषेत आहेच. "चाक" म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी लागते, "चार" म्हणताना टाळूला. लिहायला "च" एकच, पण नातीची जीभ हा फरक केव्हाच शिकली आहे.

टाळू दुभंगून फट राहिली असली की पडद्याचं हे काम नीट होत नाही. दूध नाकातून येतं, पुढे बोलणं गेंगाणं होतं. शस्त्रक्रियेने टाळू शिवता येते, बहुधा दीड वर्षाच्या आत, म्हणजे बोलणं पक्कं व्हायच्या आधी. कुणाचं तान्हं बाळ दूध ओढताना दमत असेल, नाकातून दूध येत असेल, तर डॉक्टरांना टॉर्च लावून पार पडजिभेपर्यंत बघायला सांगा. फट नुसत्या मऊ टाळूला असेल, तर बाहेरून ओठ अगदी छान दिसतात.