ओळ कुठे तुटते, परिच्छेद कुठे संपतो?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे आहे. काही लेख पीडीएफमधून कॉपी केलेले, काही ईमेलमधून आलेले. वर्डमध्ये पेस्ट केले की प्रत्येक ओळ अर्ध्यातच तुटते. फॉन्ट मोठा केला तर एक ओळ भरलेली आणि पुढची दोनच शब्दांची, असे चालू होते. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी जाऊन डिलीट दाबत बसते. ओळ कुठे संपली आणि परिच्छेद कुठे संपला, एवढे साधे संगणकाला कळत नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही कळत. आणि दोष पूर्णपणे त्याचा नाही, कारण त्याच्यापर्यंत ती माहिती पोहोचलेलीच नसते.

वर्डमध्ये आपण सलग टाइप करत जातो तेव्हा उजव्या कडेला आल्यावर मजकूर आपोआप खालच्या ओळीत उतरतो. तिथे कोणतीही खूण साठवली जात नाही. फॉन्ट बदला, समास बदला, ओळी नव्याने पडतात. एंटर मारला की मात्र मजकुरात एक खरोखरचे चिन्ह जाऊन बसते आणि त्याचा अर्थ असतो ‘परिच्छेद संपला’. तुमच्याकडे आलेल्या लेखांत असे चिन्ह प्रत्येक ओळीच्या शेवटी आहे. वर्डच्या दृष्टीने तो तीन पानांचा लेख नसून एकेका ओळीचे शंभर परिच्छेद आहेत.

ही चिन्हे येतात कुठून? पीडीएफ हा प्रकार १९९३ साली अडोबीने आणला तो कागद पडद्यावर जसाच्या तसा दिसावा म्हणून. अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी, एवढीच नोंद त्यात बहुधा असते. परिच्छेदांची माहिती फाइल तयार करणाऱ्याने वेगळी जोडली तरच असते. त्यामुळे कॉपी करताना छापील ओळ संपली की तिथे नवी ओळ गृहीत धरली जाते. ईमेलचे कारण निराळे. ईमेलच्या तांत्रिक मानकात एक ओळ ७८ वर्णचिन्हांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे आणि ९९८ ही कमाल मर्यादा. साध्या मजकुराची ईमेल पाठवणारे अनेक प्रोग्राम म्हणून स्वतःच ओळी तोडतात.

आता उपाय. सगळे एंटर एका फटक्यात उडवणे सोपे आहे, पण मग खरे परिच्छेदही त्यांच्याबरोबर जातात आणि लेखाचा एकच लगदा हातात राहतो. म्हणून क्रम उलटा ठेवायचा : आधी खरे एंटर खूण करून वाचवायचे, मग खोटे काढायचे, शेवटी वाचवलेले जागेवर आणायचे.

तयारी म्हणून मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. होम टॅबवरचे ¶ हे बटण दाबा. आता एंटरच्या जागी ¶ दिसेल आणि काही ठिकाणी वाकडा बाण दिसेल. हा बाण म्हणजे शिफ्ट-एंटर : ओळ तुटते पण परिच्छेद संपत नाही. मजकूर दोन्हीकडून सारखा जुळवलेला असताना एखाद्या तोकड्या ओळीतले शब्द विचित्र फाकलेले दिसले, तर त्या ओळीच्या शेवटी बहुधा हाच बाण सापडतो.

मग कळफलक मराठीवरून इंग्रजीवर आणा. हे विसरले की पुढचे काहीच चालत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ६ दाबले की ^ ऐवजी ‘त्र’ उमटतो आणि वर्ड इमानदारीने ‘त्र’ शोधत बसते.

कंट्रोल-एच दाबून फाइंड अँड रिप्लेसची चौकट उघडा. खाली ‘^पी’ लिहिले आहे तिथे ^ हे चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी लहान पी टाइप करायचा; ही एंटरची खूण. ‘^एल’ म्हणजे ^ आणि लहान एल, ही शिफ्ट-एंटरची. कविता, पत्ते, कोष्टके यांतल्या ओळी मुद्दाम तोडलेल्या असतात, म्हणून ती वेगळ्या फाइलीत काढून ठेवा. पीडीएफमधून आलेले पृष्ठांक आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावरचे पुस्तकाचे नाव मजकुराच्या मध्येच पडलेले असते, तेही आधी काढा. त्यानंतर :

१. ^एल शोधा, त्याजागी ^पी. आता एकाच जातीचे चिन्ह उरले.

२. एक स्पेस आणि ^पी शोधा, त्याजागी नुसता ^पी. बदलांची संख्या शून्य येईपर्यंत रिप्लेस ऑल दाबत राहा. ओळीच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही आणि पुढचा शोध फसवते.

३. खऱ्या परिच्छेदांवर खूण करा. दोन परिच्छेदांत एक ओळ कोरी सोडलेली असेल तर काम सोपे : आधी ^पी^पी^पी च्या जागी ^पी^पी, शून्य येईपर्यंत, मग ^पी^पी च्या जागी ##. मजकुरात सहसा न येणारे कोणतेही चिन्ह चालेल.

कोरी ओळ नसेल तर पूर्णविरामाचा आधार घ्यावा लागतो. परिच्छेदाची शेवटची ओळ पूर्णविरामाने संपते, मधल्या ओळी सहसा नाही. म्हणून पूर्णविराम आणि ^पी शोधून त्याजागी पूर्णविराम आणि ## घाला. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि मिटणारे अवतरणचिन्ह यांच्यासाठी तेच पुन्हा. मथळ्यांना पूर्णविराम नसतो, त्यांच्या मागेपुढे ## हाताने द्या.

इथे मराठीत एक खास अडचण येते. आपण डॉ., प्रा., कै., श्री. यांनाही पूर्णविराम देतो आणि आद्याक्षरांनाही. छापील ओळ नेमकी ‘डॉ.’ वर संपली असेल तर डॉक्टर एका परिच्छेदात आणि त्यांचे नाव दुसऱ्यात. ‘वि. स. खांडेकर’ यांचे तर दोन ठिकाणी तुकडे पडू शकतात. म्हणून खूण करण्याआधी ‘डॉ.’ आणि ^पी शोधून त्याजागी ‘डॉ.’ आणि एक स्पेस करा. बाकीच्या संक्षेपांचेही तसेच. अक्षरे मराठी आणि चिन्ह इंग्रजी, तेव्हा कळफलक मध्येच बदलावा लागेल.

४. जोडरेघ आणि ^पी शोधा. इथे रिप्लेस ऑल दाबू नका. ‘महा-’ खाली ‘विद्यालय’ असे तुटले असेल तर रेघ आणि एंटर दोन्ही काढायचे. ‘आई-’ खाली ‘वडील’ असेल तर फक्त एंटर काढायचा, रेघ मूळचीच आहे. हा निवाडा यंत्राकडे सोपवण्यासारखा नाही; फाइंड नेक्स्ट दाबत एकेक पाहा.

५. उरलेल्या सगळ्या ^पी च्या जागी एक स्पेस. अख्खा लेख एका ढिगात जमा होईल. घाबरू नका.

६. ## च्या जागी ^पी. परिच्छेद परत येतील.

७. दोन स्पेसच्या जागी एक, शून्य येईपर्यंत.

लेखाचा काहीच भाग बिघडलेला असेल तर तेवढाच निवडून घ्या. निवडलेल्या भागातले बदल झाले की उरलेल्या दस्तऐवजातही शोधू का, असे वर्ड विचारते. तिथे ‘नाही’ म्हणा.

लिबरऑफिस वापरत असाल तर त्याच चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन्स हा पर्याय सुरू करा. तिथे $ म्हणजे परिच्छेदाचा शेवट. पूर्णविरामाने संपणाऱ्या ओळींसाठी \.$ शोधून त्याजागी .## घाला, मग नुसते $ शोधून त्याजागी स्पेस. शेवटी ## च्या जागी \ आणि त्याला लागून इंग्रजी लहान एन. याशिवाय त्याच्या ऑटोकरेक्टमध्ये एकेका ओळीचे परिच्छेद आपोआप जोडणारा पर्याय आहे, पण तो मूळ डिफॉल्ट शैलीतल्या परिच्छेदांवरच चालतो.

यानंतर एक वाचन मात्र टळत नाही. एखाद्या मधल्या ओळीचा शेवट योगायोगाने पूर्णविरामावर झालेला असतो, तिथे नसलेला परिच्छेद पडतो. पीडीएफचे पान वाक्याच्या मध्येच संपले असेल तर तिथेही. अर्ध्या वाक्याने सुरू होणारा परिच्छेद दिसला की समजा, खोटा एंटर निसटला.

प्रश्न : माझे वडील टंकलेखनाच्या परीक्षा पास झालेले. आता संगणकावर आठवणी लिहितात, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारतात. किती सांगितले तरी हात ऐकत नाही. ही सवय कशी मोडावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्या यंत्रावर ते शिकले तिथे ही सवय नव्हे, नियम होता. टाइपरायटरवर उजवा समास जवळ आला की घंटी वाजते. मग तरफ ओढायची : तिने गाडी उजवीकडे परत जाते आणि कागद एक ओळ वर सरकतो. न ओढली तर अक्षरे समासापाशी अडतात.

पुढे दूरमुद्रक आले तेव्हा या दोन हालचालींसाठी दोन वेगळ्या आज्ञा झाल्या. १९६३ च्या आस्की संकेतावलीत ‘गाडी मागे’ला १३ आणि ‘कागद पुढे’ला १० हे क्रमांक मिळाले. कागद आणि गाडी गेली तरी क्रमांक राहिले. डॉस आणि विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १०, जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३. युनिक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एका लांबच लांब ओळीत दिसायचा, तो याच भानगडीमुळे. नोटपॅडला नुसता १० समजू लागला २०१८ साली.

वर्ड प्रोसेसरने ओळ आपोआप मोडायला सुरुवात केली आणि एंटरचा अर्थच बदलला. जी खूण ओळीची होती ती परिच्छेदाची झाली. जुन्या हाताला हा बदल जाणवण्याचे कारणच नाही.

वडिलांच्या मागे लागू नका. एकच विनंती करा : परिच्छेद संपला की एंटर दोनदा मारा. मग वरच्या उत्तरातली सोपी वाट उघडते आणि वहीभर आठवणी पाच मिनिटांत सरळ होतात. पुढच्या पानावर जाण्यासाठी ते एंटरांची रांग लावत असतील, तर तेवढे कंट्रोल-एंटर शिकवा. रांगेने केलेली पानांची रचना वर एक शब्द वाढला तरी कोसळते.

प्रश्न : ओळी नीट करायला मी इंटरनेटवरचे एक साधन वापरले. ‘अदृश्य चिन्हे काढा’ असा त्यात पर्याय होता, तो निवडला. ओळी सुधारल्या, पण आमच्या गावाचे नाव ‘कर्हाड’ झाले. ‘दुसर्या’, ‘शेतकर्यांना’ असेही दिसू लागले. हे काय झाले?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : त्या साधनाने कचऱ्याबरोबर कामाची वस्तूही टाकली. मराठीतला आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २००डी. तुमच्या मजकुरात दुसरा प्रकार असणार. अदृश्य चिन्ह गेले आणि र चा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला.

‘कर्हाड’ किंवा ‘शेतकर्यांना’ डोळ्यांना लगेच खुपतात. धोका आहे तो दुरुस्तीनंतरही शुद्धच दिसणाऱ्या शब्दांचा. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. लग्नात आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांना दिले जातात. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम इथे मूग गिळून बसतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

मूळ फाइल असेल तर तिथूनच पुन्हा सुरुवात करा. तोच कमी कष्टाचा मार्ग आहे. ती नसेल तर फाइंड अँड रिप्लेसमध्ये ‘कर्हाड’, ‘तर्हा’, ‘दुसर्या’, ‘शेतकर्यां’ असे अर्थ नसलेले शब्द सरसकट बदला आणि ‘दर्या’, ‘आचार्य’ यांसारखे प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहून. बदलताना ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरा, म्हणजे असले साधन पुन्हा फिरले तरी शब्द शाबूत राहील.

एखादे चिन्ह काय आहे अशी शंका आली तर विंडोजवरच्या वर्डमध्ये कर्सर त्याच्या लगेच पुढे ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. पुन्हा तेच दाबले की चिन्ह परत येईल. क्रमांक २००डी निघाला तर त्याला हात लावू नका. ओळी सरळ करायला ^पी आणि ^एल पुरतात.